पद्म पुरस्कारासाठी नामांकन कसे लिहावे : लोककलावंत, क्रीडा प्रशिक्षक आणि युद्धस्मृती जपणारे यांच्याकरिता

दरवर्षी २५ जानेवारीच्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी जाहीर होते आणि पुढचे दोन-चार दिवस गावोगावी एकच हळहळ ऐकू येते : आमच्या शाहिरांना, आमच्या वस्तादांना हा मान अजून कसा मिळाला नाही? पुष्कळदा याचे उत्तर अगदी साधे असते. त्यांचे नाव कोणी सुचवलेलेच नसते, किंवा सुचवले असले तरी अर्जात त्यांच्या कामाची माहिती कमी आणि कौतुक जास्त असते. पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक दुसऱ्याचे नाव सुचवू शकतो; त्यासाठी खासदाराचे शिफारसपत्र, संस्थेचे लेटरहेड किंवा दिल्लीतील ओळख लागत नाही, आणि स्वतःचे नाव स्वतः सुचवण्यालाही नियमांची आडकाठी नाही. लोककला, क्रीडा आणि युद्धस्मृती या तीन क्षेत्रांतील व्यक्तींचे नामांकन कसे तयार करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. ही तीन क्षेत्रे निवडण्याचे कारण असे की, यांत काम मोठे आणि कागद थोडे अशी स्थिती वारंवार आढळते, आणि कागद थोडे असले की चांगले नामांकनही लंगडे पडते.

आधी पुरस्कार कोणता, ते ठरवावे

भारतरत्न आणि पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री ही आजची नावे १९५५ पासूनची. आरंभी एकाच पुरस्काराचे पहिला, दुसरा आणि तिसरा असे वर्ग होते. यांपैकी भारतरत्नासाठी पंतप्रधान थेट राष्ट्रपतींकडे शिफारस करतात, त्यामुळे सामान्य नागरिकाने त्याचा अर्ज भरण्याचा प्रश्न येत नाही. पद्म पुरस्कारांसाठी पंतप्रधान दरवर्षी एक समिती नेमतात. कॅबिनेट सचिव तिचे अध्यक्ष असतात आणि गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव व चार ते सहा मान्यवर व्यक्ती तिच्यात असतात. आलेली सर्व नामांकने या समितीपुढे जातात आणि तिच्या शिफारशी पंतप्रधान व राष्ट्रपतींच्या मान्यतेसाठी पाठवल्या जातात. एका वर्षात जास्तीत जास्त १२० पुरस्कार देता येतात. मरणोत्तर पुरस्कार, परदेशी नागरिक, अनिवासी भारतीय आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे) कार्डधारक यांना या मर्यादेतून वगळले आहे. अमेरिकेत किंवा मॉरिशसमध्ये मराठी रंगभूमीसाठी आयुष्य वेचलेल्या कोणाचा विचार आपण करत असाल, तर ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नामांकन करण्यापूर्वी दुसरा एखादा सन्मान अधिक योग्य नाही ना, हे पाहून घ्यावे. सध्या स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूसाठी अर्जुन पुरस्कार आहे, जो १९६१ पासून दिला जातो. प्रशिक्षकांसाठी १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार आहे. राज्य पातळीवर शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार आहेत. चाळिशीच्या आतील गायक, वादक, नर्तक किंवा लोककलावंतासाठी संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार आहे. रणांगणावरील शौर्यासाठीची परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र ही पदके सैन्यदलाच्या स्वतःच्या साखळीतूनच ठरतात, त्यात गावाने किंवा माजी सैनिक संघटनेने अर्ज भरण्याची सोय नाही. मात्र सैनिकाने निवृत्तीनंतर केलेले काम, किंवा सैनिक नसलेल्या माणसाने सैनिकांच्या स्मृतीसाठी केलेले काम, पद्म पुरस्काराच्या कक्षेत येऊ शकते.

एक पुरस्कार मिळाला म्हणून दुसऱ्याचा मार्ग बंद होत नाही. रमाकांत आचरेकर सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०१० मध्ये पद्मश्री. पद्म पुरस्कारांतच वरच्या श्रेणीसाठी पुन्हा नाव द्यायचे असेल, तर आधीच्या पुरस्काराला किमान पाच वर्षे झालेली असावी लागतात. फारच असाधारण बाब असेल तेव्हा समिती ही अट शिथिल करू शकते.

श्रेणी कोणती सुचवावी, हा प्रश्न अनेकांना पडतो. पद्मश्री ही विशेष सेवेसाठी, पद्मभूषण उच्च दर्जाच्या विशेष सेवेसाठी आणि पद्मविभूषण असाधारण व विशेष सेवेसाठी, असा नियमांतील शब्दांचा अर्थ आहे. ज्या व्यक्तीला आजवर एकही राष्ट्रीय सन्मान मिळालेला नाही, तिच्यासाठी पद्मश्रीच सुचवणे शहाणपणाचे ठरते. एखाद्या तालुक्यापुरत्या कामासाठी थेट पद्मविभूषण मागणारा अर्ज वाचणाऱ्याच्या मनात प्रथम शंकाच निर्माण करतो.

पात्रता आणि वेळ

वंश, जात, व्यवसाय, हुद्दा, लिंग यांवरून कोणालाही वगळले जात नाही. मात्र शासकीय सेवेत असलेली व्यक्ती, सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचाऱ्यांसह, सेवेत असेपर्यंत पात्र नसते. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांना तेवढी सूट आहे. आपल्याकडे लोकसाहित्याचे संकलन करणारे, गावच्या तालमीत मुले घडवणारे किंवा शिलालेख आणि स्मारके धुंडाळणारे कितीतरी लोक शाळामास्तर असतात. त्यांचे नाव निवृत्तीनंतरच देणे सुरक्षित. तोवरची वर्षे कागद जमवण्यात घालवली तर ती वाया जात नाहीत.

पुरस्कार सहसा मरणोत्तर दिला जात नाही. अतिशय योग्य प्रकरणी सरकार अपवाद करू शकते, पण त्यावर भिस्त ठेवू नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. १९८४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले, तोवर कोणताही पद्म पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नव्हता. अर्जुन पुरस्कारही पुढे मरणोत्तरच आला. दुसऱ्या बाजूला मुरलीकांत पेटकर आहेत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंगत्व आलेल्या या जवानाने १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक जिंकले, आणि त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. गोवा मुक्तिलढ्यात १९५५ पासून सीमेवरील जंगलातून भूमिगत आकाशवाणी चालवणाऱ्या लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा, २०२५ मध्ये, त्या शंभर वर्षांच्या होत्या. ही उशिराची उदाहरणे पाहून आपण सुचवत असलेल्या व्यक्तीचे वय मोजावे आणि अर्ज पुढल्या वर्षावर ढकलू नये.

अर्जाची मुदत अनेक वर्षे १ मे ते १५ सप्टेंबर अशी असे. अलीकडे ती पुढेमागे होते. २०२६ च्या पुरस्कारांसाठी नामांकने १५ मार्च २०२५ पासून स्वीकारली जाऊ लागली आणि सुरुवातीला ३१ जुलै ही अंतिम तारीख देण्यात आली होती. त्यामुळे फेब्रुवारी संपताच राष्ट्रीय पुरस्कार पोर्टल पाहायला लागावे आणि मुदत वाढेल या आशेवर राहू नये.

पुरावा जमवणे

खरे काम इथे आहे, आणि अर्ज लिहिण्यापेक्षा याला कितीतरी जास्त वेळ लागतो. आपल्याकडे एखाद्या कलावंताच्या घरी माहिती मागायला गेले की, भिंतीवरच्या सत्काराच्या चौकटी, शाली-श्रीफळ देतानाचे फोटो आणि मंडळांची मानपत्रे यांचा ढीग पुढे येतो. ते सारे प्रेमाने दिलेले असते, परंतु समितीच्या दृष्टीने त्याची किंमत फार थोडी, कारण त्यातून एवढेच कळते की या व्यक्तीला लोक मानतात. तिने नेमके काय केले, ते न केले असते तर काय उरले नसते, आणि तिच्यानंतर ते कोण चालवील, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या कागदांतून मिळतात ते कागद जमवावेत.

लोककलावंताच्या बाबतीत पहिला कागद म्हणजे परंपरेची नोंद. कला कोणाकडून शिकली, घराण्यात किती पिढ्या होती, कोणत्या भागात ती सादर होते, सादरीकरणाचा प्रसंग कोणता, आणि त्या कलेचा कोणता भाग आज या व्यक्तीलाच येतो, हे तारखांसह लिहून घ्यावे. दशावतारी असो, गोंधळी असो, वाघ्या-मुरळी असोत किंवा खडी गंमत (विदर्भातील तमाशासारखे लोकनाट्य) करणारा असो, मुलाखत ध्वनिमुद्रित करावी आणि ती करताना 'कधी' या प्रश्नाचा पिच्छा सोडू नये. वयस्कर कलावंतांना साल आठवत नाही. पण 'बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर', 'कोयनेच्या भूकंपाच्या वेळी कुठे होता', असे विचारले की साल आपोआप हाती लागते. त्यानंतर आकाशवाणीचे करारपत्र, सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या महोत्सवांच्या पत्रिका, विद्यापीठांच्या लोककला विभागांचे दाखले, जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणे यांच्याशी त्या मुलाखतीचा ताळा घ्यावा. तमाशा फडांच्या बाबतीत यात्रा कमिट्यांच्या सुपारीच्या पावत्या आणि पोलिसांकडून घेतलेले परवाने हेही उत्तम पुरावे ठरतात, कारण त्यांवर गाव आणि तारीख असते.

मागच्या काही पुरस्कारांकडे पाहिले की कशाला वजन मिळते, ते कळते. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ठाकर समाजातील कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगणे) या कलांचे सादरीकरण तर त्यांनी केलेच, शिवाय स्वतःच्या गोठ्यात या कलांचे संग्रहालय उभे केले, म्हणजे त्यांच्यानंतरही पाहता येईल असे काही मागे ठेवले. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शासनाने दिलेल्या त्यांच्या परिचयात ५,००० हून अधिक प्रयोग आणि ८०० भूमिका यांचा उल्लेख होता. गोव्याचे विनायक खेडेकर यांना २०२१ मध्ये जो सन्मान मिळाला, त्यामागे लोककलांच्या संशोधनाचे दीर्घ काम होते. एकाचे संग्रहालय, दुसऱ्याचे प्रयोग, तिसऱ्याचे संशोधन : तिन्ही ठिकाणी दाखवता येण्याजोगे काही तरी आहे. आपल्या कलावंताकडे असे काय आहे, याचा शोध घ्यावा. कधी ते चोपड्यांत उतरवलेली पदे असतात, कधी शिकवून तयार केलेली दुसरी पिढी, तर कधी इतरांना मिळत नाहीत अशी वाद्ये बनवण्याचे कसब.

क्रीडा क्षेत्रात पुरावा जमवणे तुलनेने सोपे आहे, कारण स्पर्धांचे निकाल आणि संघटनांची प्रमाणपत्रे असतात. अडचण येते ती आखाडे, तालमी, व्यायामशाळा, खो-खो आणि कबड्डीची मैदाने यांवर आयुष्य घालवलेल्या लोकांची. अशा प्रशिक्षकाने स्वतः पदक जिंकलेले नसते. मग त्याच्या शिष्यांची यादी करावी लागते, आणि या यादीत नाव, शिकल्याचा काळ, मिळवलेले यश आणि सध्याचे काम एवढे तपशील असले पाहिजेत. 'हजारो खेळाडू घडवले' हे वाक्य कोणीही लिहू शकतो. मल्लखांबासाठी उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. शिवाजी पार्कच्या मैदानावर त्यांनी मुलींना आणि दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला, परदेशी विद्यार्थी तयार केले, आणि २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत भरली त्यामागे त्यांचे परिश्रम होते. ज्यांना एरवी मैदानावर घेतले जात नाही त्यांना आत आणणे आणि खेळाचा परीघ वाढवणे या दोन गोष्टी पदकांच्या आकड्यांइतक्याच, माझ्या मते त्याहूनही अधिक, ठळकपणे मांडण्याजोग्या आहेत.

युद्धस्मृतीचे काम : क्षेत्र निवडण्यापासून अडचण

पद्म पुरस्कारांच्या क्षेत्रांत कला, समाजकार्य, सार्वजनिक व्यवहार, विज्ञान व अभियांत्रिकी, व्यापार व उद्योग, वैद्यक, साहित्य व शिक्षण, नागरी सेवा, क्रीडा आणि इतर अशी विभागणी आहे. युद्धस्मृती असे स्वतंत्र क्षेत्र नाही. त्यामुळे कामाचे फळ ज्या स्वरूपात दिसते त्यानुसार क्षेत्र निवडावे : ग्रंथ आणि संशोधन झाले असेल तर साहित्य व शिक्षण, वीरपत्नी आणि वीरमातांना पेन्शन, जमीन, शिक्षण मिळवून देण्याचे काम असेल तर समाजकार्य, आणि स्मारके व संग्रह यांचे जतन असेल तर इतर. बांगलादेशातील निवृत्त लष्करी अधिकारी काझी सज्जाद अली झहीर यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्य सोडून ते मुक्तियुद्धात उतरले आणि नंतर त्या युद्धाच्या इतिहासाचे संशोधन हेच त्यांनी आपले काम मानले. भारताने २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री दिली ती सार्वजनिक व्यवहार या क्षेत्रात. युद्धाची आठवण जपणाऱ्या व्यक्तीचा पद्म पुरस्काराने गौरव होऊ शकतो, याचा हा दाखला आहे.

महाराष्ट्रात अशा कामाला भरपूर वाव आहे आणि ते करणारी माणसेही आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी या जिल्ह्यांतील अनेक गावांत चावडीवर, शाळेच्या भिंतीत किंवा देवळाच्या आवारात पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतके मरण पावले, एवढाच मजकूर त्यांवर असतो, नावे नसतात. गावच्या वाढीत किंवा रस्ता रुंद करताना यांतल्या काही पाट्या हलवल्या जातात, काही रंगाखाली जातात. त्या शोधून काढणे, त्यांची छायाचित्रे घेणे, आणि आकड्यामागची नावे हुडकणे हे चिकाटीचे काम आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या नोंदींत सैनिकाचे नाव, क्रमांक, पलटण आणि स्मारकाचे ठिकाण मिळते, आणि अनेक भारतीय सैनिकांच्या नोंदींत वडिलांचे नाव व गावही असते. मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) मोहिमेत मराठा पलटणींचे जे सैनिक गेले, त्यांच्यापैकी ज्यांची समाधी सापडत नाही, त्यांचा शोध बसऱ्याच्या स्मारकाच्या यादीपासून सुरू करता येतो.

असे काम करणाऱ्याचे नामांकन करताना चार गोष्टींचा पुरावा जोडण्याजोगा असतो : किती गावांतील पाट्या व स्मारके नोंदवली, किती नावांची ओळख पटली आणि ती कोणत्या अभिलेखावरून, किती कुटुंबांपर्यंत ही माहिती पोहोचवली, आणि जमवलेली कागदपत्रे आज कोठे ठेवली आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे पत्र मिळाले तर त्याला वजन असते, कारण त्या कार्यालयाकडे माजी सैनिक आणि वीरपत्नींची नोंद असते आणि अमुक व्यक्तीने कोणासाठी काय केले, हे ते स्वतःच्या माहितीवरून सांगू शकते. कुटुंबांकडून दोन-तीन ओळींची पत्रे घ्यावीत. मात्र त्यांची पेन्शनची कागदपत्रे, बँकेचे तपशील किंवा पत्ते अर्जात घालू नयेत. त्यांनी आपल्या घरची आठवण सांगितली आहे, ती सरकारी फाइलीत उघडी टाकण्याचा अधिकार आपल्याला मिळालेला नाही.

आणखी एक धोका या क्षेत्रात विशेष आहे, तो म्हणजे अतिशयोक्तीचा. गावच्या सांगण्यात साधे सेवापदक शौर्यपदक होते आणि पलटणीच्या पराक्रमाचे श्रेय एका जवानाच्या नावावर जमा होते. अर्जात ज्या ज्या पदकाचा उल्लेख येईल ते राजपत्रात किंवा पलटणीच्या अभिलेखात तपासून घ्यावे. एक चुकीचा दावा सापडला तर बाकीच्या दहा खऱ्या दाव्यांवरचा विश्वास उडतो. जे सिद्ध आहे ते पुरेसे मोठे आहे : माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ मधील इटलीच्या मोहिमेतील पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने येथे त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. परदेशातील एका लहानशा गावाने एवढे लक्षात ठेवले असेल, तर आपल्या गावात ते लक्षात ठेवणाऱ्या माणसाचे काम शब्दांनी फुगवण्याची गरज उरत नाही.

आठशे शब्दांत काय लिहावे

नामांकनाचा गाभा म्हणजे व्यक्तीच्या कार्याचे कथन, आणि त्याला ८०० शब्दांची मर्यादा आहे. हे कथन प्रथम मराठीत लिहावे, दोन जाणकारांना वाचायला द्यावे, आणि मग हिंदीत किंवा इंग्रजीत उतरवावे, कारण पोर्टल त्या दोन भाषांत आहे आणि वाचणारेही त्याच भाषांत वाचणार आहेत. गोंधळ, दशावतार, खडी गंमत, तालीम, लाल माती असे शब्द तसेच ठेवून प्रत्येकाला पहिल्या वेळी एका वाक्यात समजावून द्यावे. वाचणारा माणूस कोकणातला किंवा झाडीपट्टीतला असण्याची शक्यता कमीच.

सुरुवातीच्या शंभर शब्दांत व्यक्ती कोण, कोठली, काय करते आणि किती काळ करते आहे, एवढे यावे. जन्म, बालपण, हलाखी यांवर अर्धे कथन खर्च करण्याची जी आपली रीत आहे ती इथे उपयोगाची नाही. पुढचे तीन-चारशे शब्द मुख्य कामाला द्यावेत आणि त्यात साल, ठिकाण, संख्या स्पष्ट असावी. त्यानंतर या कामाचा इतरांवर झालेला परिणाम लिहावा. मिळालेले पुरस्कार शेवटी, दोन-तीन वाक्यांत आणि फक्त राज्य व राष्ट्रीय पातळीवरचे. सगळे ८०० शब्द भरलेच पाहिजेत असे नाही. साडेपाचशे शब्दांत काम नेमके मांडले गेले तर तिथेच थांबावे.

फरक कसा पडतो हे दाखवण्यासाठी एका कल्पित गोंधळ्याबद्दलची दोन वाक्ये पाहावीत. पहिले असे : 'आपल्या पहाडी आवाजाने आणि अमोघ वाणीने महाराष्ट्राची मने जिंकणारे हे लोककलेचे चालतेबोलते विद्यापीठ गेली पन्नास वर्षे अखंड सेवा करीत आहे.' दुसरे असे : 'रात्रभराच्या गोंधळाचा पूर्ण विधी, गणापासून आरतीपर्यंत, येणारे ते तालुक्यातील शेवटचे नायक होते; १९९० नंतर त्यांनी घराण्याबाहेरच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि त्यांच्याकडे शिकलेले तीन संच आज स्वतंत्रपणे गोंधळ घालतात.' पहिल्या वाक्यातील व्यक्तीचे नाव बदलून कोणाचेही घातले तरी ते चालते. दुसऱ्यात तसे करता येत नाही. कथन लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याला ही कसोटी लावावी आणि जे वाक्य दुसऱ्या कोणालाही लागू पडते ते निर्दयपणे काढून टाकावे.

अर्ज भरणे

नामांकन फक्त ऑनलाइन, अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवरच स्वीकारले जाते. नामांकन करणाऱ्याने प्रथम स्वतःची नोंदणी करावी, नंतर पद्म पुरस्कार निवडून व्यक्तीची माहिती, क्षेत्र, श्रेणी आणि कथन भरावे. कथन वेगळ्या फाइलीत तयार ठेवून मग पोर्टलवर चिकटवावे. थेट तिथेच लिहायला बसू नये. शेवटच्या दोन दिवसांवर काम ठेवू नये, हे सांगण्याची खरे तर गरज नाही, पण सांगितले तरी ते बहुतेक जण ठेवतातच. अर्जाला कोणतेही शुल्क नाही. 'पद्मश्री मिळवून देतो, फाइल पुढे सरकवतो' असे म्हणत पैसे मागणारा कोणीही भेटला, तर तो फसवणूक करतो आहे असे समजून त्याला दाराबाहेर ठेवावे.

याखेरीज राज्य सरकारही केंद्राकडे नावे पाठवते आणि त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयांमार्फत प्रस्ताव घेतले जातात. हा मार्गही वापरावा, परंतु नागरिक म्हणून केलेले थेट नामांकन त्यावर अवलंबून नसते. एकाच व्यक्तीसाठी पन्नास जणांनी एकच मजकूर पाठवण्यापेक्षा, वेगवेगळ्या बाजूंनी काम पाहिलेल्या दोन-तीन जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली नामांकने अधिक पटणारी असतात : एखादा शिष्य, एखादा अभ्यासक, एखादा गावकरी.

ज्यांचे नाव सुचवायचे त्यांना सांगावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत. माहिती मिळवण्यासाठी त्यांच्याशी बोलावेच लागते, आणि पुरस्कारापूर्वी शासकीय यंत्रणा पार्श्वभूमीची पडताळणी करत असल्यामुळे एखादा खटला किंवा वाद प्रलंबित असेल तर तो आपल्याला आधी ठाऊक असलेला बरा. मात्र समाजमाध्यमांवर 'पद्मश्रीसाठी नामांकन' असे फलक झळकवून वृद्ध माणसाच्या मनात आशा पेटवणे हा क्रूरपणा आहे. नामांकन हा सन्मान नसतो; तो एक प्रस्ताव असतो, आणि असे प्रस्ताव दरवर्षी असंख्य येतात.

निकाल लागल्यावर

नाव यादीत आले नाही तर कारण कळवले जात नाही. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करावा आणि त्यात मधल्या वर्षात झालेल्या कामाची भर घालावी. नुसती तारीख बदलून तोच मजकूर पाठवू नये. या निमित्ताने जमवलेली मुलाखत, शिष्यांची यादी, पाट्यांची छायाचित्रे यांची एक प्रत गावच्या वाचनालयात किंवा जवळच्या महाविद्यालयात ठेवून द्यावी, म्हणजे अर्ज मान्य होवो वा न होवो, संशोधकांना ती मिळू शकते.

नाव यादीत आले तर पुढे राष्ट्रपती भवनातील समारंभात राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळते. रोख रक्कम, रेल्वे किंवा विमानप्रवासाची सवलत यांपैकी काहीही या पुरस्कारासोबत नसते, हे कुटुंबीयांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे नंतर गैरसमज होत नाहीत. राहिली गोष्ट नावापुढे 'पद्मश्री' लावण्याची. राज्यघटनेचे १८ वे कलम राज्यसंस्थेला किताब देण्यास मनाई करते, आणि बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हे पुरस्कार घटनाबाह्य नसल्याचे सांगताना, ते नावाआधी किंवा नावानंतर उपाधी म्हणून वापरता येणार नाहीत असे स्पष्ट केले. लेटरहेड, निमंत्रणपत्रिका, पुस्तकाचे मुखपृष्ठ, सत्काराचा फलक या सगळ्यांना हा नियम लागू आहे आणि त्याचा भंग केल्यास पुरस्कार काढून घेतला जाऊ शकतो. गावात सत्कार ठरला की फलक छापणाऱ्याला मजकूर देण्यापूर्वी संयोजकांनी तो एकदा वाचावा, आणि नावाखाली वेगळ्या ओळीत 'पद्मश्री पुरस्काराने सन्मानित' एवढेच लिहायला सांगावे.